भोईर सरांचं साडेआठ वर्षांचं कॅल्शियम

भोईर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका छापील ओळीशी भांडत होते. वाशीत एका बँकेच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास होता. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पोरं घासूनपुसून पाठवायची, हा आमचा धंदा. मी केमिस्ट्री शिकवायला त्याच दिवशी रुजू झाले होते. स्टाफरूमचं दार ढकललं तर आत सहा फूट उंच, पोट सुटलेला, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी घातलेला एक माणूस नव्या नोट्सचा गठ्ठा हवेत हलवत ओरडत होता. मला वाटलं जागेचा मालक आलाय आणि क्लासला बाहेर काढतोय.

"'ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात.' हे कोणी लिहिलं? वाढले की सोडतात? ग्लुकोजने काय दाराची बेल वाजवली?"

समोर क्लासचे संचालक बसले होते. त्यांचं आडनाव शहाणे, याला माझा इलाज नाही. ते शांतपणे म्हणाले, "भोईर, मधलं परीक्षेत येत नाही."

"अहो, मधलंच तर सगळं आहे! मधल्यात माझी साडेआठ वर्षं गेली."

"म्हणूनच म्हणतो, पोरांची नका घालवू."

यावर हा माणूस चिडेल असं वाटलं, तर तो खुर्चीत बसून पोट हलेपर्यंत हसला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही कोण?"

"नवीन आहे. केमिस्ट्री."

"या, केमिस्ट्री. चहा घ्या. इथला चहा म्हणजे शहाणे सरांसारखाच आहे, आत काय आहे ते परीक्षेत येत नाही."

तेव्हापासून पुढची पाच वर्षं मी केमिस्ट्रीच राहिले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला अजून खात्री नाही. अय्यर सर फिजिक्स होते. शिपाई सावंत ऑक्सिजन, कारण तो दोन मिनिटं दिसला नाही की सगळ्यांचा जीव घाबरा व्हायचा. शहाणे सरांना मात्र त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. म्हणायचे, "देवाने आधीच ठेवलंय, मी काय सुधारणा करणार?"

भोईर सर घणसोली गावातले, पिढीजात. घरची भातशेती शहरात गेली, तिच्या जागी भोईरांच्या दोन इमारती उभ्या राहिल्या. धाकटा भाऊ रेती-सिमेंटच्या धंद्यात. थोरल्यानेही गारेगार घरात बसून भाडेकरूंवर डाफरायचं, एवढंच काम होतं. तसं न करता हा बाबा जीवशास्त्र शिकला, खाडीपलीकडच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएचडीला गेला आणि साडेआठ वर्षांनी तसाच परत आला. गळ्यातली साखळी आईने घातलेली. ती म्हणाली होती, "डॉक्टर झाला नाय तं नाय, निदान भोईर तरी दिस."

त्या माउलीला मी एकदा भेटले. गावच्या जत्रेला सरांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मला पाटावर बसवून, ताटात तांदळाची भाकरी आणि कोलंबी वाढत ती म्हणाली, "तू केमिस्ट्रीवाली काय? जेव गो बाय. यो आमचा पोर शिकला शिकला न उंदरांची पोटा फारत बसला. सारेआठ वरसा! लगीन पन नाय केला. उंदीरवाल्याला बायको कोन देल?"

सर बाजूला बसून खाली मान घालून कोलंबी सोलत होते. त्यांना त्यांच्या घरात कोणी सर म्हणत नव्हतं.

उंदरांचं ते प्रकरण ते स्वतःही सांगायचे, पण स्वतःची फजिती म्हणून. उंदराच्या स्वादुपिंडात पेशींची बारीक बारीक बेटं असतात, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. ती हाताने वेचून काढायची. त्यांत एक रंगद्रव्य भरायचं, जे पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वरून साखरेचं पाणी सोडायचं आणि बघत बसायचं. साखर कमी असली की बेट अंधारात. साखर वाढवली की काही मिनिटांत झगझगीत उजेड, मग उजेड-अंधार, उजेड-अंधार, तालात.

"एका बेटात शेकडो पेशी, केमिस्ट्री. सगळ्या एकदम पेटणार, एकदम विझणार. आमच्या सोसायटीत सव्वीस जणांचं लिफ्टच्या रंगावर एकमत होत नाही."

त्यांनी त्यात एक गंमत पाहिली. साखर वाढवली की कॅल्शियम लगेच वर जात नाही. आधी ते जरासं खाली उतरतं आणि मग झेप घेतं. गाईड म्हणाले, पंपाचा दोष आहे. सरांनी पंप बदलला. गाईड म्हणाले, या पंपाचाही दोष आहे. सरांनी तीन पंप बदलले, नळ्या बदलल्या, पाणी बदललं. चार वर्षं त्या घसरणीच्या मागे लागून त्यांनी सिद्ध केलं की ती खरी आहे. पेशी जागी होताना आधी आपल्याच आतल्या कोठीत कॅल्शियम भरून घेते.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय, लायब्ररीत एक जुना अंक उघडला. खालून दुसऱ्या फळीवर. मी चौथीत असताना कोणीतरी हे सगळं छापून मोकळा झाला होता. मला माहीत नाही, गाईडलाही माहीत नाही. आम्ही दोघं चार वर्षं पंपावर भांडतोय."

पीएचडी सोडण्याचं कारण मात्र दर वेळी वेगळं असायचं. कधी गाईड निवृत्त झाले, कधी वडील आजारी पडले, कधी उंदीर संपले. एकदाच, पेपर तपासताना मान वर न करता म्हणाले, "कंटाळा नव्हता आला हो. लाज वाटली. आठ वर्षांत माझ्या हातून एकाही माणसाच्या साखरेचा एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही." आणि लगेच पुढच्या पेपरवर लाल शेरा मारला: 'यकृत छातीत नसते. स्वतःचे चाचपून पाहा.'

शिकवायचे मात्र बेफाम. बीटा पेशीचा धडा ते फळ्यावर घेतच नसत. दर वर्षी त्या दिवशी साठ पोरांना सांगत, "ही खोली म्हणजे पेशी. तुम्ही म्हणजे आतला माल. दार उघडं आहे, दारातून सारखं पोटॅशियम बाहेर जातंय, म्हणून पेशी थंड, झोपलेली. आता साखर आली. साखर जळली की एटीपी तयार होतं, म्हणजे पेशीचं इंधन. एटीपी काय करतं?" मग पहिल्या बाकावरच्या पोराला उठवायचे. "जा, दार लाव. कडी घाल." दार बंद. मग स्वतः जाऊन एसी बंद करायचे. मे महिन्यातली वाशी, साठ पोरं, एसी बंद. पाच मिनिटांत खोलीचा कुकर व्हायचा. "दार बंद, आत दाब वाढतोय, वाढतोय... आता कोणाला राहवत नाही?" खिडकीजवळची पोरं खिडक्या उघडायची. "आलं! कॅल्शियम खिडकीतून आत आलं! कॅल्शियम आलं की इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर!" आणि पोरं दप्तरं घेऊन ओरडत जिन्यात पळायची. खाली बँकेचा मॅनेजर दर वर्षी लेखी तक्रार करायचा. एका वर्षी ऐन दाबाच्या वेळी शहाणे सर पालकांना घेऊन क्लास दाखवायला आले. ते बाहेरून दार ठोठावतायत आणि आतून भोईर सर ओरडतायत, "उघडू नका रे, पेशी मरेल!"

त्याच वर्षीच्या बॅचमधली ही गोष्ट.

पोरं जिन्यातून परत आली, घाम पुसत जागेवर बसली. दाराजवळच्या बाकावर प्रणाली जाधव नावाची एक मुलगी बसायची. सोळा-सतरा वर्षांची, बारीक, दोन वेण्या. तास चालू असताना मधेच उठून बाहेर जायची आणि पाच मिनिटांनी परत यायची. तिला मधुमेह आहे, पोटात इन्सुलिनची सुई घ्यायला जाते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हा पुढच्या तासासाठी दारात उभी होते. तिने हात वर केला.

"सर, माझ्या या पेशी मेल्यात ना? डॉक्टर म्हणतात, शरीरानेच मारून टाकल्या."

सर म्हणाले, "हो गं. बहुतेक वेळा तसंच होतं. कधी झालं तुला?"

"लहानपणीच."

"म्हणजे? आठ? दहा वर्षांची होतीस?"

"नाही सर, दीड महिन्याची."

"दीड वर्षाची."

"महिन्याची सर. दीड महिन्याची. आई सांगते ना, उशिरा झालेल्या बारशालापण मला सुई होती."

भोईर सरांनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांनी तो नीट, टेबलाच्या कडेला समांतर ठेवला, एवढं मला आठवतं. मग "वाचा जरा" म्हणून ते वर्गातून निघून गेले. पाच वर्षांत त्यांनी तास अर्धवट सोडलेला मी तेवढाच पाहिला.

तासानंतर स्टाफरूममध्ये गेले तर ते येरझाऱ्या घालत होते. "केमिस्ट्री, दीड महिना! दीड महिन्याच्या पोराचं शरीर कुठे स्वतःच्या पेशी मारायला बसलंय? त्याला अजून स्वतःचा अंगठा कोणता ते कळत नाही!"

मग त्यांनी मला समजावलं. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला तर तो बहुधा नेहमीचा नसतो, जीनमधल्या जन्मजात चुकीचा असतो. पेशी मेलेल्या नसतात. पोटॅशियमचं दार उघडं अडकलेलं असतं. साखर येते, जळते, एटीपी तयार होतं, पण दार काही लागत नाही. म्हणून कॅल्शियम आत येत नाही आणि इन्सुलिन भरलेल्या पिशव्या तशाच पडून राहतात. आणि बाजारात मधुमेहाच्या जुन्या, साध्या गोळ्या आहेत, सल्फोनिलयुरिया नावाच्या, ज्यांचं कामच ते दार दुसऱ्या बाजूने ओढून लावणं आहे.

"म्हणजे सुईच्या जागी गोळी?"

"बहुतेक. असेल तर. जीन तपासली तर कळेल. माझ्या लॅबमधली एक पोरगी आता दक्षिणेत अशाच बाळांवर संशोधन करते, ती फुकट तपासेल." एवढं बोलून ते बसले. "आणि नसेल तर मी गाढव."

दोघांनी मिळून कोपरखैरण्याला तिच्या घरी जायचं ठरलं. मी सोबत, कारण सरांच्या मते, "मी एकटा गेलो तर लोक विचारतात, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला कधी जाणार."

प्रणालीचे वडील मूळचे साताऱ्याकडच्या जावळीचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पाठीवरून गोणी वाहायचं काम. रविवारची सकाळ होती. आईने चहा टाकला. सरांनी शक्य तितक्या सावकाश सगळं सांगितलं. 'गोळी' हा शब्द आला आणि वडील उठून उभे राहिले.

"सर, झालं तुमचं? आता निघा."

"जाधव, ऐकून तर घ्या."

"ऐकलंय. नऊ वर्षांमागं असंच एकानं ऐकवलं आमाला. गावाकडं. म्हणला सुई बंद करा, माजी पावडर द्या. आमी अडाणी, दिली. तिसऱ्या दिवशी पोरगी बेशुद्ध. आठ दिस काचेच्या खोलीत होती, तोंडाला नळी. तुमी बायलॉजी शिकवा. माज्या पोरीवर परयोग न्हाई करायचा."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. भोईर सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला हाकललंत ते बरोबर केलंत. मी तुमच्या जागी असतो तर जिन्यावरून ढकललं असतं. फक्त एक ऐका. सुई एक दिवसही बंद करायची नाही. कोणी सांगितलं तरी. उद्या मी येऊन सांगितलं तरी." आणि उठले.

जिन्यात मला म्हणाले, "केमिस्ट्री, त्या पावडरवाल्यालाही खात्रीच असेल ना माझ्यासारखी?"

दुसऱ्या दिवशी जाधवांचा शहाणे सरांना फोन. शहाणे सरांनी भोईरांना बोलावून सुनावलं की हा क्लास आहे, दवाखाना नाही आणि पुन्हा असं काही झालं तर दुसरा बायलॉजीवाला रबाळ्यापासून पनवेलपर्यंत कुठेही मिळतो. भोईर सर "बरं" म्हणाले. फक्त बरं. आम्ही सगळे घाबरलो. अय्यर सरांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

चार दिवसांनी प्रणालीची आई क्लासमध्ये आली. एकटीच. साडीचा पदर घट्ट खोचलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या कागदांची फाइल. सरांसमोर ती ठेवून म्हणाली, "तुमी गेल्यापास्नं ही सगळी बघितली. मला विंग्रजी येत न्हाई, पोरीकडनं वाचून घेतली. पहिल्या कागदावर दीड महिना लिवलंय. मुंबईला आल्यावर नव्या कागदावर 'लहानपणापासून' लिवलं. मग सगळीकडं तेच."

सरांनी तो पहिला कागद दोन्ही हातांनी धरला. पिवळा, घड्यांवर फाटलेला. त्यात चूक कोणाचीच नव्हती. प्रणाली जन्मली तेव्हा अशी तपासणी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि नंतर मागे वळून कोणी पाहिलं नाही.

"तुमच्या मालकांचं काय?" सरांनी विचारलं.

"त्यांना मी सांगितलं. म्हणलं, सोळा वर्षं मी हिला रोज सुई टोचतीय. त्यात एक सुई रक्त काढायला टोचली तर काय आभाळ पडतंय? औषदाचं मागनं बघू. आदी कळू तर दे."

रक्त गेलं. उत्तर यायला कित्येक आठवडे लागणार होते. त्या काळात भोईर सरांनी आमचं जगणं मुश्किल केलं. बिनसाखरेचा चहा मागवायचे आणि आला की साखर का नाही म्हणून ऑक्सिजनवर खेकसायचे. पुनरुत्पादनाचा धडा तीन दिवसांत उरकला, जो ते एरवी तीन आठवडे रंगवायचे. प्रणाली काही विचारायला आली की तिला रागावल्यासारखं उत्तर द्यायचे. एकदा मला म्हणाले, "नको ती आशा लावली मी. पोरगी सुईला सरावली होती." मी म्हटलं, सुईला कोणी सरावतं का? तर म्हणाले, "आई सरावते."

उत्तर आलं तेव्हा ते वर्गात होते. मोबाइल वाजला, त्यांनी आलेलं वाचलं आणि तो खिशात ठेवून धडा पूर्ण केला. मग स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर फोन धरला. इंग्रजीतली चार ओळींची मेल. दार उघडं अडकलेलंच होतं.

"वाचलंत? नीट वाचा. मला दोनदा वाचून विश्वास बसला नाही. माझ्याबाबतीत काही बरोबर येण्याची सवय नाही."

पुढचं काम डॉक्टरांचं होतं. वाशीतल्याच एका रुग्णालयात हार्मोन्सच्या डॉक्टर होत्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, दक्षिणेतल्या संशोधक बाईंशी फोनवर बोलल्या आणि प्रणालीला दाखल करून घेतलं. वडील तयार झाले, पण एका अटीवर. ते स्वतः रात्रंदिवस कॉटजवळ बसणार आणि पोरीचा डोळा जरा जरी मिटला तरी गोळी बंद. गोळी थोडी थोडी वाढवायची, सुई थोडी थोडी कमी करायची, तासातासाला बोटातून रक्त तपासायचं.

पहिले चार दिवस काहीही झालं नाही. साखर वर ती वरच. भोईर सर रोज दुपारी रुग्णालयात जायचे. नातेवाईक नसल्यामुळे त्यांना वर सोडत नसत. खालच्या बाकावर बसायचे. वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं, "आप कौन? डॉक्टर?"

"नाही."

"मरीज के रिश्तेदार?"

"नाही. मी... बायलॉजी."

वॉचमनला ते नाव वाटलं. त्यानंतर तो रोज "आओ बायलॉजीभाई" म्हणून बाकावर जागा करून द्यायचा.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासोबत होते. जाधव जिन्यावरून धावत खाली आले. मार्केटात शंभर किलो पाठीवर घेऊन चालणारा माणूस, पण कठड्याला धरून उतरत होता. "सर, पोरगी घामाघूम झालीया! हात थरथरत्यात!"

भोईर सर बाकावरून उठले. "साखर किती? उतरली? नर्सने काय दिलं?"

"उतरलीया म्हणं. खाली गेलीया. बिस्किटं दिली, सरबत दिलं. आता बोलतीया."

"सुई किती दिली होती सकाळी?"

"निम्मीच. रोजच्या निम्मी."

सर बाकावर बसले. हसत होते की रडत होते ते कळेना. "जाधव, खाली गेली कारण तिची स्वतःची निघायला लागली. आतली. तिच्या पेशींची. वर जा आणि डॉक्टरना विचारा, त्याही तेच सांगतील. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्यांना विचारा."

जाधव वर गेले. दहा मिनिटांनी पुन्हा आले. या वेळी धावत नव्हते. सरांच्या शेजारी बाकावर बसले. दोघंही समोर लिफ्टकडे बघत होते. जाधव म्हणाले, "आयुष्यभर का गोळ्या?"

"हो."

"चालंल."

दोघांत यापेक्षा जास्त बोलणं त्यानंतरही कधी झालं नाही. दहाव्या दिवशी प्रणालीची शेवटची सुई झाली आणि ती घरी गेली.

आठवड्याभराने तिची आई क्लासमध्ये आली. मला वाटलं पेढे घेऊन आली असेल. तिच्या हातात काही नव्हतं. खुर्चीत बसली आणि रडायला लागली. आम्ही सगळे घाबरलो.

"पोरगी बरी आहे ना?" सरांनी विचारलं.

"बरी हाय. मीच बरी न्हाई. रोज सकाळी उठून फ्रिज उघडती, सुई काढायला. मग आठवतं. सर, म्हंजी सोळा वर्षं मी उगंचच टोचलं का वो तिला? ती रडायची, पाय झाडायची. मी मांडीखाली दाबून टोचायची. ते सगळं उगंच?"

भोईर सरांना उत्तरं तोंडपाठ असायची. या वेळी ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "ताई, उगाच नाही. तुम्ही टोचलं म्हणून ती जगली. गोळी घ्यायला ती उरली, ते तुमच्या सुईमुळे. मी आत्ता आलो. सोळा वर्षं डॉक्टर तुम्हीच होता."

तिने डोळे पुसले, ऑक्सिजनने आणलेला चहा प्यायली आणि "लई गोड करता वो चहा" म्हणून गेली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मधे शहाणे सर होते. पुढच्या सोमवारी क्लासच्या इमारतीवर वीस फुटी फ्लेक्स लागला. प्रणालीचा फोटो, भोईर सरांचा फोटो, मधे सोनेरी अक्षरांत 'आमच्या शिक्षकांनी मधुमेह हरवला! प्रवेश सुरू'. मुलीला विचारलं नव्हतं, सरांनाही नव्हतं. भोईर सर स्टूल घेऊन गेले, हात पोचेना, तर खाली बँकेच्या मॅनेजरकडून शिडी मागून आणली. मॅनेजरने आनंदाने दिली, वर स्वतः धरून उभा राहिला. फ्लेक्स उतरवून, घडी घालून सरांनी तो शहाणे सरांच्या टेबलावर ठेवला.

"मधुमेह हरला नाही. एका मुलीचं एक दार लागलं. बाकीच्यांनी हे वाचून सुया फेकल्या तर? यातलं मधलं काय झालं ते कुठे लिहिलंय?"

"भोईर, जाहिरातीत मधलं येत नाही."

या वेळी ते हसले नाहीत. कपाटातून डबा आणि खडूचा खोका घेतला आणि गेले. आम्हाला वाटलं दोन दिवसांनी येतील. आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, "कामात आहे, केमिस्ट्री." कसलं काम, ते सांगत नसत. त्यांच्या आईला विचारलं तर म्हणाली, "सकालीच गारी घेऊन जाते. पोरांच्या दवाखान्यान जाते म्हंते. याला पोरा कवा झाली?"

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. मी आता उलव्याला राहते. भाचीला खोकला झाला म्हणून तिला घेऊन लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे गेले होते. दवाखाना गच्च भरलेला, भिंतींवर ससे आणि फुगे, सगळीकडे रडारड. कोपऱ्यात मुलांसाठी ठेवलेल्या लाल प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन भोईर सर बसले होते. मांडीवर जाड फाइल, आणि एक दोन वर्षांचा पोरगा तिच्यावर रंगीत खडूने मन लावून रेघोट्या मारत होता. सर त्याला थांबवत नव्हते.

"केमिस्ट्री! बसा. माझा नंबर अकरावा आहे, दहावा आत गेलाय."

"इथे काय करताय तुम्ही?"

"जुने कागद बघतो. डॉक्टरांना विनंती करतो की सहा महिन्यांच्या आत साखर झालेलं एखादं बाळ तुमच्या आठवणीत आहे का बघा. बरेच जण हाकलतात. औषध कंपनीचा माणूस समजतात, नमुने मागतात." फाइलमधून त्यांनी एक कागद काढून दाखवला. एकाखाली एक दवाखान्यांची नावं, बेलापूरपासून ऐरोलीपर्यंत, बहुतेकांवर काट. दोन नावांभोवती गोल केलेला होता. "दोन सापडली. एकाचं उत्तर 'नाही' असं आलं, त्याची सुई राहणार. दुसऱ्याचं यायचंय."

मी विचारलं, पीएचडी पुन्हा का नाही करत? ते म्हणाले, "कशाला? परत कोणीतरी आधीच छापलेलं निघायचं."

एवढ्यात आतलं दार उघडलं. कंपाउंडर बाईंनी यादीवर बोट ठेवून, मान वर न करता हाक मारली, "पुढचं बाळ!"

भोईर सर त्या लाल खुर्चीतून कसेबसे सुटून उभे राहिले, पोराने खाली टाकलेला खडू त्याच्या हातात परत दिला, रेघोट्यांची फाइल काखेत मारली आणि आत गेले.